फाटकापुढून जाणारी सुट्टी

आमच्या कचेरीत सहा टेबलं आहेत. पाच टेबलांपुढे माणूस येतो तो तोंड पाडून. कुणाची बदली झालेली, कुणाला खुलासा द्यायचा, कुणाची बढती अडकलेली. सहावं टेबल माझं. माझ्यापुढे येणारा माणूस हसत येतो, कारण मी पास लिहितो. पूर्णा जंक्शनवर तेरा वर्षं मी हे काम करतो आहे आणि या तेरा वर्षांत माझ्यापुढे रडत आलेला माणूस एकच. त्याने पास सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि बायकोने सदरा धुतला. मला दुसरा लिहून देता येत नव्हता. मीही त्या दिवशी जेवलो नाही, पण नियम तो नियम.

बाहेरच्या माणसाला हे प्रकरण थोडं समजावून सांगायला हवं. रेल्वेतल्या नोकराला वर्षातून ठरावीक वेळा कुटुंबासह फुकट प्रवासाचा पास मिळतो. वरच्यांना जास्त, खालच्यांना कमी. गँगमन, गेटमन यांना आमच्याकडे वर्षाला एकच. एक पास म्हणजे एकदा जाणं आणि एकदा येणं. वर्ष संपलं की न घेतलेला पास बुडाला. पासावर चार गोष्टी लिहायच्या: कोण, कुठून, कुठे आणि कोणत्या मार्गाने. पहिल्या तीन कोणीही लिहील. कारकुनाची अक्कल दिसते ती चौथ्या रकान्यात. साधारणपणे जवळचा मार्ग द्यायचा, थोडा वळसा चालतो, फार लांबचा चालत नाही. कुठल्या जंक्शनवर किती तास थांबावं लागेल, कुठे लहान रुळाची गाडी सोडून मोठ्या रुळाची धरायची, हे मला तोंडपाठ आहे. प्रवास संपला की पास माझ्याकडे परत जमा करायचा. मी त्यावरच्या तिकीट तपासनिसांच्या खुणा बघतो. माणूस कुठवर गेला ते मला त्या खुणांवरून कळतं. का गेला ते कळत नाही. ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

माझी समजूत साधी होती. सुट्टी म्हणजे अंतर. सरकार फुकट नेतंय तर लांब जावं. जवळच्या गावाचा पास मागणारा माणूस मला ताटात वाढलेलं टाकून उठणाऱ्यासारखा वाटायचा.

इंजिन ड्रायव्हर युसूफमियाँ दर वर्षी यायचे आणि गावाचं नावच सांगायचे नाहीत. म्हणायचे, "कहीं का बी लिखो बाबू, पन लंबा होना." मी खूश व्हायचो. माझ्याच मताचा माणूस. एकदा त्यांची बायको बरोबर आली होती. तिने सांगितलं की हे शेवटच्या डब्यात, इंजिनाकडे पाठ करून बसतात, आणि निघाल्यापासून पोचेपर्यंत झोपतात. गाव आलं की फलाटावर चहा पितात आणि परतीची गाडी कधी आहे ते विचारतात. मी युसूफमियाँकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "मेरे को आगे का कुछ देखना नक्को." बाई म्हणाली, झोपेत शिट्टी ऐकली की यांचा हात मात्र वर जातो, दोरी ओढायला.

केबिनमन धोंडिबाने रामेश्वरचा पास घेतला. आमच्या कचेरीतून त्या वर्षी निघालेला सगळ्यात लांबचा पास तोच. मार्ग लिहायला मला अर्धा दिवस लागला. पंधरा दिवसांनी तो पास परत आला तो कोरा, एकही खूण नाही. मी विचारलं तर धोंडिबा आधी इकडेतिकडे बघू लागला. मग म्हणाला, राणीसावरगावला गेलो होतो. ती त्याची सासुरवाडी. एस.टी.ने गेला आणि बारा दिवस लिंबाखाली बाज टाकून पडून राहिला. केबिनमध्ये रोज आठ तास सिग्नलचे खटके ओढून त्याचे खांदे भरून आले होते. मी चिडलो. एवढंच होतं तर मग रामेश्वर कशाला लिहून घेतलं? तो म्हणाला, "सायेब, पडून ऱ्हायला रजा द्या म्हनलं तर कोन देतंय? गावाचं नाव लागतंय. आन् रामेश्वर काय पळून जायलंय का?"

मी पासावर 'न वापरता परत' असा शेरा मारला.

माझ्या घरचीही गोष्ट सांगतो, म्हणजे मी फक्त दुसऱ्यांनाच हसतो असं होणार नाही. एका वर्षी मी बायकामुलांना घेऊन दक्षिणेकडे गेलो. अकरा दिवस, चौदा गाड्या. सगळ्या गाड्यांच्या वेळा एका फुलस्केप कागदावर लिहून मी तो कागद कोटाच्या आतल्या खिशात ठेवला होता. पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, आपण सुट्टीवर आहोत का ड्युटीवर?" देवळं, समुद्र, डोंगर, सगळं तिने बघितलं. पण अजूनही शेजारणींना ती सांगते ते वेगळंच. एका स्टेशनातल्या खाणावळीत वाढप्याने तिच्यापुढे उभं राहून विचारलं होतं, "बाई, तुम्हाला काय आणू?" लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे तोवर हा प्रश्न तीच इतरांना विचारत आली होती. तिची सुट्टी त्या टेबलावर झाली. बाकीचे दहा दिवस माझे.

हे ऐकून मी हसलो होतो. त्यातून मी काही शिकलो असतो तर पुढे किसनच्या बाबतीत चूक झाली नसती.

किसन हा गेटमन. पूर्णेहून परभणीकडे जाताना, मिरखेलच्या अलीकडे जे फाटक लागतं, ते त्याचं. फाटकाला लागूनच रेल्वेने बांधलेली खोली, त्यात तो, बायको कौसाबाई, म्हातारी आई आणि दोन मुलं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. वर्षअखेरीला रजिस्टर तपासताना माझ्या लक्षात आलं की या माणसाने अकरा वर्षांत एकही पास घेतलेला नाही. अकरा पास बुडाले. माझ्याच्याने ते बघवेना. मी त्याला दोनदा निरोप पाठवला. तिसऱ्या निरोपाला तो आला, निळा सदरा इस्त्री करून, टोपी हातात घेऊन.

मी विचारलं, कुठे जायचं? तो म्हणाला, "मनमाडच्या अंगाचा कुठलाबी द्या सायेब."

कुठलाही म्हणजे काय? असं कुणी मागतं का? तो पायाकडे बघत राहिला. मग मीच विचार केला. हे बौद्ध कुटुंब, आई म्हातारी, आजवर कुठे गेलेली नाही. मी म्हटलं, नागपूरला जा. आईला दीक्षाभूमी दाखव. त्याचा चेहरा उजळला. आईला लय बरं वाटेल, म्हणाला. मी कागद पुढे ओढला आणि मार्ग लिहू लागलो: हिंगोली, अकोला. तेव्हा तो हळूच म्हणाला, "नागपूर मनमाडवरून देता येत न्हाई का?"

मला हसू आलं. भिंतीवरच्या नकाशाशी नेऊन मी त्याला पट्टीने दाखवलं. हा बघ अकोल्याचा रस्ता, वर सरळ. आणि हा मनमाडचा, आधी पश्चिमेला जायचं, मग तेवढंच आणि त्याहून जास्त पूर्वेला यायचं. नियमात बसत नाही, आणि शहाणपणातही नाही. तो म्हणाला, "बरं सायेब."

ते 'बरं' मी ऐकलं नाही. म्हणजे कानाने ऐकलं.

ते नागपूरला जाऊन आले. किसनने पास जमा केला, सगळ्या खुणा जागच्या जागी. सोबत संत्र्यांची पिशवी आणली होती. मी एक ठेवून घेतलं आणि बाकीची परत केली. बारावा पास वाचवला याचं मला फार समाधान होतं.

पुढे दोन महिन्यांनी इन्स्पेक्टर साहेबांबरोबर ट्रॉलीवरून जाण्याचा प्रसंग आला. ट्रॉली म्हणजे रुळांवरून माणसं ढकलत नेतात ती चार चाकांची बैठक. वर्षातून एकदा प्रत्येक फाटकावरचं सामान मोजायचं असतं: लाल झेंड्या, हिरवी झेंडी, कंदील, रुळावर ठेवायचे धोक्याचे फटाके. किसनच्या फाटकावर सामान बरोबर भरलं. कौसाबाईने चहा दिला. वय पस्तिशीचं, बोलायला मोकळी. मी मोठ्या ऐटीत विचारलं, नागपूर कसं झालं?

चांगलं झालं, म्हणाली. सासूबाई त्या जमिनीवर डोकं ठेवून बराच वेळ उठल्याच नाहीत. त्यांचं सार्थक झालं. मुलांनी दोन मजली बस बघितली असं ती म्हणाली. तशी बस नागपुरात होती का याची मला शंका आहे, पण मी मध्ये बोललो नाही. मग मी म्हटलं, पुढच्या वर्षी कुठे? तिने नवऱ्याकडे बघितलं. किसन मोजून झालेल्या झेंड्या पुन्हा मोजायला लागला.

"भाऊसाहेब, एक विचारू?" ती म्हणाली. "गाडीतून आमचं घर कसं दिसतंय?"

त्या फाटकावरून मी शेकडो वेळा गेलो असेन. फाटकाचा नंबर मला पाठ होता, पूर्णेपासूनचं अंतर पाठ होतं. घर कसं दिसतं, ते मला सांगता येईना. दार कुठल्या बाजूला, तेही आठवेना.

मग तिने सगळं सांगितलं. अकरा वर्षं रोज गाड्या दारापुढून जातात. खिडक्यांतून माणसं बघतात. कुणी हात करतं, कुणी खाल्लेल्या कणसाची बुरकुंडं फेकतं. लेकराला पाजत बसलं तरी बघणारे बघतात. "सगळे आमच्याकडं बघायलेत. त्यायला काय दिसतंय ते मला एकदा बघायचं हाय. ह्यांच्याजवळ बसून. आन् झेंडी दुसऱ्याच्या हातात आसावी."

मी म्हटलं, मग परभणीचं तिकीट काढून जायचं. तेवढ्याला पास कशाला? ती हसली. तिकीट काढून ती एकटी कधीही गेली असती. पण दोघं एकदम फाटक सोडू शकत नव्हते. एक गेला की दुसऱ्याने थांबायचं. बदली माणूस मिळतो तो रजा मंजूर झाल्यावर, आणि रजा आजवर लागल्या त्या लग्नामयताच्या, हिंगोलीकडच्या गावाला, एस.टी.ने. पास काढायचा म्हटल्यावर तिने नवऱ्याला बजावून पाठवलं होतं: गाव कुठलंबी चालंल, गाडी आपल्या दारावरून जावी. मनमाडकडची गाडी त्यांच्या दारावरून जाते, अकोल्याची जात नाही. आणि किसनला एवढ्या मोठ्या टेबलापुढे हे सांगायची लाज वाटली. बायकोला आपलंच घर बघायचं आहे, हे कसं सांगायचं?

इन्स्पेक्टर साहेब पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. अकरा वर्षांनी निघालेला पास मी पट्टी लावून भलत्या दिशेला पाठवला होता. परतताना मी ट्रॉलीवरून मागे वळून घर बघितलं. पण ट्रॉली बुटकी आणि हळू. गाडीतून दिसतं ते हे नव्हतं.

नवीन वर्षाचा पास मी स्वतःहून काढायला लावला. औरंगाबाद, वेरूळ बघायला. या वेळी मी किसनला पट्टी दाखवली नाही, घरी पाठवलं आणि बायकोला विचारून ये म्हटलं. तो अटी घेऊन आला. जाताना उजेड हवा आणि येतानाही हवा. घर दिसेल अशी खिडकी हवी. वेळापत्रक घेऊन मी दोन संध्याकाळी बसलो. सकाळची पॅसेंजर जायला, दुपार उतरता पोचणारी यायला. घर रुळांच्या दक्षिणेला. मी चिठ्ठीवर लिहून दिलं: जाताना डावी खिडकी, येताना उजवी. इतकं मन लावून मी रामेश्वरचा मार्गही लिहिला नव्हता.

जायच्या आधीच्या आठवड्यात किसन भेटला तेव्हा वैतागला होता. बायकोने घराला चुना दिला, अंगण सारवलं, दारावरची फुटकी कौलं बदलायला लावली. "सायेब, शेळी धुतली तिनं," तो म्हणाला. मी म्हटलं, हे काही खरं नाही. रोज दिसतं तसं बघायला हवं. तो म्हणाला, "तुमीच सांगा तिला."

त्या सकाळी मी स्टेशनवर गेलो. तेरा वर्षांत पास लिहून दिलेल्या कुणाला निरोप द्यायला मी गेलो नव्हतो. फलाटावर कौसाबाई होती, दोन मुलं होती, वळकटी होती. किसन नव्हता. बदली माणूस आलाच नव्हता. त्याच्या मुलाला ताप होता म्हणून उशीर होईल, असा निरोप आला होता. फाटक सोडता येईना, म्हणून किसनने यांना पुढे पाठवलं होतं. कौसाबाई वळकटी उचलून परत निघण्याच्या बेतात होती. गाडीला दहा मिनिटं होती.

"त्यायच्याबिगर काय बघू?" ती म्हणाली.

मी तिला सांगितलं, बसा. बदली माणूस आला की किसनरावाला दुपारच्या गाडीने परभणीला पाठवतो, तिथे भेटा. येताना दोघं मिळून बघाल. तिने माझ्याकडे बघितलं. ज्याचं सांगणं एकदा चुकलेलं आहे अशा माणसाकडे बघतात तसं.

"नक्की?"

"लिहून देतो," मी म्हटलं, आणि त्याच चिठ्ठीच्या मागे लिहूनही दिलं, सहीसकट. ती चढली. डाव्या खिडकीला एक गृहस्थ बसले होते. तिने त्यांना काय सांगितलं कळलं नाही, पण ते हसत उठले.

मग मी इन्स्पेक्टर साहेबांना गाठलं. मागच्या वेळी हसले होते, त्यामुळे त्यांना फार समजवावं लागलं नाही. त्यांनी दुसरा माणूस सायकलवरून फाटकावर पाठवला. दुपारच्या गाडीला किसन धापा टाकत आला. पास बायकोजवळ होता, म्हणून त्याने तिकीट काढलं. मी ते बघितल्यावरच गाडीत बसू दिलं.

आठ दिवसांनी त्यांची परतीची गाडी पूर्णेला लागली तेव्हा ऊन अजून होतं. कौसाबाई डब्यातून उतरली तीच बोलत. वेरूळबद्दल मी विचारलं. मोठं आहे, म्हणाली, आणि पुढे गेली.

जाताना काय झालं ते आधी सांगितलं. फाटक जवळ आलं, आणि सात मोजेपर्यंत घर सरलं. तिने खरंच मोजलं होतं, याचा मला आनंद झाला. सासूबाई दारात बसल्या होत्या, शेळी पांढरीशुभ्र. आणि किसन फाटकापाशी झेंडी धरून ताठ उभा. "पोरं बाबा बाबा वरडायलीत, मी हात करायले, आन् ह्यांनी माझ्याकडं बघितलं सुदिक न्हाई. चाकाकडं बघायलेत."

किसन म्हणाला, "ड्युटीवर व्हतो."

त्याचंही बरोबर होतं. गाडी जाताना गेटमनने चाकं बघायची असतात, कुठे ठिणगी उडते का, काही लोंबकळतं का. माणसांकडे बघायचं नसतं. अकरा वर्षं तो गाडीची चाकं बघत होता आणि ती खिडक्या.

येताना दोघं उजव्या खिडकीशी बसले. फाटक आलं. बदली माणूस झेंडी धरून उभा होता. किसन जागेवरून उठला आणि म्हणाला, झेंडी लय ढिली धरली त्यानं. तिने त्याचा सदरा धरून खाली बसवलं. "म्हनलं, आज बसा. आज आपलं फाटक न्हाई. आज आपून पाशिंजर."

"मग, घर कसं दिसतं?" मी विचारलं. अकरा महिने तो प्रश्न माझ्याकडे थकला होता.

ती एकदम लाजली. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "लय चांगलं दिसतंय हो, भाऊसाहेब. बसणाऱ्याला वाटत आसल, हितं उतरावं."

तेव्हापासून मी पासाच्या अर्जावर पाचवी गोष्ट विचारतो: का? ती लिहायला रकाना नाही, म्हणून कोऱ्या कागदावर पेन्सिलीने टिपून ठेवतो. त्यामुळे काम वाढलं आहे आणि माझ्या टेबलापुढची रांगही. वरिष्ठांनी दोनदा हटकलं. बायकोला मी यंदा विचारलं, तर ती म्हणाली, आधी तुमचा तो फुलस्केप कागद जाळा. कागद जाळलेला नाही, पण घरी ठेवून जायचं कबूल केलं आहे.

त्या दिवशी फलाटावरच किसनने पास माझ्या हातात दिला. त्यावरच्या खुणा मी सवयीने तपासल्या. बरोबर होत्या. गाडी त्यांच्या फाटकावर थांबत नाही. तिथे उतरता येत नाही. आत्ता दारावरूनच पुढे आलेलं ते कुटुंब आता पूर्णेहून पायी मागे जाणार होतं. मी म्हटलं, बसा थोडं, चहा घ्या. कौसाबाई थांबायला तयार नव्हती. तिने वळकटी डोक्यावर घेतली आणि रुळांच्या कडेने निघाली. किसन मुलांना घेऊन मागून, आणि ती सगळ्यांच्या पुढे, भराभरा, सुट्टीच्या गावाला निघाल्यासारखी.